घन रॉकेट प्रॉपेलंट सुधारणं इतकं अवघड का?

प्रश्न असा आहे: इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट १९९३ साली पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्या पहिल्या टप्प्यात जे घन प्रॉपेलंट, म्हणजे रॉकेट ढकलायला जाळायचं घट्ट मिश्रण होतं, जवळपास तेच आज एलव्हीएम-३ या मोठ्या रॉकेटच्या बूस्टरमध्ये आहे. अमेरिकेची स्पेस शटलसुद्धा त्याच कुळातल्या मिश्रणावर उडाली. रसायनशास्त्र एवढं पुढं गेलं, मग याहून ताकदवान घन प्रॉपेलंट का येत नाही? आणि या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्याला करण्यासारखं काही उरलं आहे का?

ताकदवान रसायनं नाहीत असं नाही. सीएल-२० हा रेणू अमेरिकी नौदलाच्या चायना लेक इथल्या प्रयोगशाळेत १९८७ साली तयार झाला. पुण्यात पाषाणजवळ सुतारवाडीला डीआरडीओची जी एचईएमआरएल प्रयोगशाळा आहे, तिथंही तो बनवला गेला. एडीएन, म्हणजे अमोनियम डायनायट्रामाइड, सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ सालीच बनवलं होतं. कागदावर हिशेब मांडला तर दोन्ही आजच्या मिश्रणाला मागं टाकतात. तरी उपग्रह सोडणाऱ्या एकाही मोठ्या बूस्टरमध्ये ती दिसत नाहीत. माझी नोकरी मिक्सर, कास्टिंग आणि एक्स-रे या बाजूला गेली, म्हणून उत्तरही त्या बाजूनंच देतो. नवे रेणू बनवणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल. माझ्या मते ऊर्जा मिळणं हा प्रश्न कधीच सुटलाय. ती ऊर्जा रबरात कोंबणं, मोटरमध्ये, म्हणजे प्रॉपेलंट भरायच्या नळकांड्यात, ओतणं आणि पुढं दहा-पंधरा वर्षं न बिघडता सांभाळणं, इथं घोडं पेंड खातं.

आधी आजचं मिश्रण पाहू. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३९ टन प्रॉपेलंट असतं. त्यात वजनानं सुमारे ६८ टक्के अमोनियम परक्लोरेट, ज्याला आम्ही नुसतं एपी म्हणतो. ऑक्सिजन पुरवायचं काम याचं. सुमारे १८ टक्के ॲल्युमिनियमची पूड. उरलेल्या १४ टक्क्यांत एचटीपीबी हे द्रवरूप रबर, त्याला पक्कं करणारा क्युरेटिव्ह, मऊपणासाठी प्लॅस्टिसायझर आणि बाकीची किरकोळ मंडळी. शटलच्या बूस्टरमध्ये एपी ६९.६ टक्के, ॲल्युमिनियम १६ टक्के आणि बाइंडर, म्हणजे सगळं धरून ठेवणारं रबर, मागच्या पिढीतलं पीबीएएन. आपल्या एसएलव्ही-३ या जुन्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातही पीबीएएनच होतं. पीएसएलव्हीसाठी एचटीपीबीवर जायचं धाडस केलं ते वसंत गोवारीकरांच्या पिढीनं. गोवारीकर पुण्याचे, केमिकल इंजिनिअर, १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक. लोकांना ते मॉन्सूनच्या अंदाजामुळं आठवतात. आमच्या धंद्यात त्यांचं नाव घन प्रॉपेलंटसाठी निघतं. एरंडेल तेलापासूनही इस्रोनं एक बाइंडर बनवलं होतं, 'इस्रो पॉलिऑल' नावाचं. आज तरुण मुलांना ते सांगितलं तर आधी हसतात आणि मग विचारात पडतात.

प्रॉपेलंटचा कस स्पेसिफिक इम्पल्सनं, म्हणजे ठरावीक वजनाच्या प्रॉपेलंटमागं किती रेटा मिळतो त्यानं मोजतात, एकक सेकंद. हा आकडा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: ज्वाला किती तापते आणि बाहेर पडणारे वायू किती हलके आहेत. तापमान भागिले रेणुभार, आणि त्याचं वर्गमूळ. वर्गमूळ आलं की कमाई आटते. ज्वालेचं तापमान दहा टक्के वाढवलंत तरी हाती पाच टक्केही लागत नाहीत. शिवाय आजच ज्वाला ३,३०० केल्विनच्या आसपास असते आणि वायू बाहेर सोडणाऱ्या नॉझलचा कार्बनचा थ्रोट, म्हणजे तिचा सगळ्यात अरुंद भाग, तेवढ्यानंच झिजतो. आणखी तापवलं की थ्रोट आणखी झिजणार, भोक मोठं होणार, दाब उतरणार आणि मिळवलेलं परत जाणार.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा निर्वातात सुमारे २६९ सेकंद देतो आणि तिसरा सुमारे २९५. हे वाचून अनेकांना वाटतं की तिसऱ्या टप्प्यात काहीतरी खास माल आहे. दोन्हीकडं कूळ तेच, एचटीपीबीचं. तिसरा टप्पा हवा संपते तिथं पेटतो, म्हणून त्याची नॉझल भरपूर रुंद करता येते, आणि फरकाचा मोठा वाटा तिथून येतो. रसायन बदलून एवढे सेकंद मिळवायचे म्हटलं तर माणसाची अख्खी कारकीर्द जाईल.

इतिहासही तेच सांगतो. १९४२ साली कॅलिफोर्नियात जॅक पार्सन्सनं डांबरात पोटॅशियम परक्लोरेट कालवून ओतता येईल असं प्रॉपेलंट बनवलं. पन्नासच्या दशकात अटलांटिक रिसर्च या कंपनीच्या कीथ रंबेल आणि चार्ल्स हेंडरसन यांनी दाखवलं की ॲल्युमिनियम चिमूटभर न घालता सढळ हातानं घातलं तर इम्पल्स चांगलाच उडी मारतो. त्या जोरावर १९६० मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्र पाणबुडीत गेलं. तेवढी मोठी उडी त्यानंतर झाली नाही. बाइंडर सुधारलं, कण सुधारले, नॉझल सुधारली, आणि सेकंद-सेकंद करत गाडी पुढं सरकली.

आता मिक्सरपाशी येऊ, कारण खरी रस्सीखेच तिथं चालते. वर दिलेल्या मिश्रणात घन पदार्थ वजनानं ८६ टक्के आहेत. घनता धरून हिशेब केला (एपी १.९५, ॲल्युमिनियम २.७, बाइंडर ०.९३ च्या आसपास) तर आकारमानानं ते सुमारे ७३ टक्के होतात. एकाच मापाचे गोल कण डब्यात टाकून हलवले तर ते जेमतेम ६४ टक्के जागा भरतात, बाकी पोकळी राहते. म्हणजे एकाच मापाचा एपी घेऊन हे मिश्रण बनणारच नाही. म्हणून दोनशे-तीनशे मायक्रॉनचा जाडा एपी, त्याच्या फटीत बसणारा मधला आणि त्याच्याही फटीत बसणारा काही मायक्रॉनचा बारीक, अशी बेगमी करावी लागते. चिक्कीत शेंगदाणे वाढवत गेलात आणि गूळ तेवढाच ठेवलात तर एका क्षणी वडी थापता येत नाही, तिचा भुगा होतो. तसंच इथं होतं. ८६ चे ८८ करताना इम्पल्स थोडा वाढतो आणि घनताही वाढते, पण घट्टपणा सरळ रेषेत वाढत नाही, एकदम वर चढतो. ८८ च्या पुढचा प्रत्येक अर्धा टक्का प्रोसेसिंगवाल्याच्या डोक्याला ताप असतो.

क्युरेटिव्ह घातल्यापासून घड्याळ सुरू होतं. हा आयसोसायनेट असतो आणि एचटीपीबीच्या टोकांशी जोडला जाऊन रबर बनवतो. मालाचा घट्टपणा तासागणिक वाढत जातो. तो ओतण्यापलीकडं जायच्या आत मोटर भरली पाहिजे, मध्ये असलेल्या साच्याच्या प्रत्येक खाचेत माल उतरला पाहिजे आणि हवा निघून गेली पाहिजे. मोठी मोटर तुकड्यातुकड्यांनी बनते. त्यातल्या मोठ्या सेगमेंटला, म्हणजे तुकड्याला, एक मिक्स पुरत नाही. एकामागून एक मिक्स ओतायचे, आणि आधीच्या मिक्सचा माल फार पक्का व्हायच्या आत पुढचा त्यावर पडला पाहिजे. म्हणून मिक्सरचं माप महत्त्वाचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्रोनं दहा टनी उभा प्लॅनेटरी मिक्सर पुढं आणला, बेंगळुरूच्या सीएमटीआय या संस्थेसोबत बनवलेला. बातमीत ते यंत्र म्हणून गाजलं. आमच्या दृष्टीनं त्याचा अर्थ साधा: मिक्सची संख्या कमी, जोड कमी, एका सेगमेंटमधला फरक कमी.

पाऊस हा आमचा जुना वैरी. आयसोसायनेटला पाणी फार आवडतं. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रबरात बुडबुडे राहतात. बारीक दळलेला एपी तर जुलैच्या हवेत बघता बघता गोळे धरतो. काल ज्याचं माप पाच मायक्रॉन मोजलं होतं तो आज पाच राहिलेला नसतो, आणि जळण्याचा वेग बारीक कणांवरच सगळ्यात जास्त अवलंबून. त्यामुळं पुणे असो, नाशिक असो की श्रीहरिकोटा, इमारतीची आर्द्रता आवरणं हा प्रॉपेलंटच्या सूत्राचाच भाग धरावा लागतो. प्रयोगशाळेत अर्धा किलोच्या मिक्सरमध्ये उत्तम निघालेलं नवं सूत्र इथं येऊन लोळण घेतं, ते बहुतेक वेळा अशाच बाबींवर.

समजा ओतलं, पक्कं झालं. आता ते जळणार कसं? जळण्याचा वेग दाबाच्या काही घातानं वाढतो. तो घातांक, एन, एपीच्या प्रॉपेलंटमध्ये साधारण ०.३ ते ०.४ असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण मोटर जगणार की फुटणार हे तो ठरवतो. कुठंतरी तडा गेला आणि जळणारा पृष्ठभाग पाच टक्के वाढला असं धरा. मोटरमधला दाब पृष्ठभागाच्या १/(१−एन) या घातानं वाढतो. एन ०.३ असेल तर दाब सात टक्के वाढेल. मोटरची केस, म्हणजे बाहेरचं कवच, बहुतेक वेळा तेवढं सहन करते. एन ०.८ असेल तर तोच दाब २७-२८ टक्के वाढेल. एननं एक गाठला की समतोलच उरत नाही. आता गंमत अशी की नव्या, ऊर्जेनं भरलेल्या पुष्कळशा घटकांचा घातांक एपीपेक्षा वर असतो. त्याला खाली ओढायला उत्प्रेरक हवा, उत्प्रेरकानं मालाची संवेदनशीलता आणि आयुष्य बदलतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

याहून कमी बोललं जातं ते रबराच्या ताकदीबद्दल. मोटरमधलं प्रॉपेलंट केसला आतून चिकटवलेलं असतं, मध्ये पोकळी. साधारण ६० अंशाला पक्कं झालं की थंड होताना ते आक्रसायला बघतं. त्याचा आक्रसण्याचा दर पोलादाच्या आठ-दहा पट, पण बाहेरून केसनं धरून ठेवलेलं. सगळा ताण आतल्या पोकळीच्या पृष्ठभागावर आणि चिकटलेल्या सांध्यावर येतो. सैन्याच्या रॉकेटला राजस्थानातली ५५ अंशांची दुपार आणि हिमालयातली शून्याखालची रात्र दोन्ही सोसायची असते. एचटीपीबी अजून टिकून आहे ते इथल्या गुणामुळं: ते साधारण उणे ७५ अंशांपर्यंत काचेसारखं ठिसूळ होत नाही, आणि ८६ टक्के दगडमाती पोटात घेऊनही बऱ्यापैकी ताणलं जातं. त्याच्या जागी जीएपीसारखं स्वतःच ऊर्जा देणारं बाइंडर आणलं की इम्पल्स वाढतो, पण ठिसूळपणाचं तापमान उणे ४५-५० च्या आसपास वर येतं आणि थंडीतलं गणित बिघडतं.

रबर किती वाकतं याची किंमत अमेरिकेच्या टायटन-४ रॉकेटच्या नव्या बूस्टरनं मोजली. १ एप्रिल १९९१ ला कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर त्याची पहिली पूर्ण आकाराची स्थिर चाचणी होती. पेटल्यावर दोनेक सेकंदांत मोटर फुटली. प्रॉपेलंटचं रसायन ठीक होतं, तडा नव्हता. झालं असं की खालच्या सेगमेंटच्या प्रॉपेलंटच्या वरच्या कडेवरून वायू वेगानं वळून जात होते, तिथं दाब कमी झाला, आणि ती कडा आतल्या बाजूला फुगली. फुगल्यानं वाट अरुंद झाली, वरच्या बाजूचा दाब वाढला, त्यानं कडा आणखी आत ढकलली. असं करत करत केसची मर्यादा ओलांडली गेली. त्या वेळच्या हिशेबात वायूचा प्रवाह वेगळा आणि रबराचं वाकणं वेगळं मोजलं जात होतं. दोन्ही एकमेकांना कसे बदलतात ते कोणी एकत्र सोडवलं नव्हतं. उपाय काय केला? ती कडा तिरपी कापली. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी हे प्रकरण आधी वाचायला लावत असे, कारण 'चांगलं प्रॉपेलंट' म्हणजे किती मऊ आणि किती कडक, हा प्रश्न त्यात उघडा पडतो. मऊ केलं तर फुगतं, कडक केलं तर थंडीत तडकतं.

आता ते नवे घटक एकेक घेऊ.

एडीएनबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि त्यात अर्थ आहे. त्यात क्लोरीन नाही, ऑक्सिजन पुरेसा आहे, एपीपेक्षा ऊर्जा जास्त. सोव्हिएत संघानं ते गुप्त ठेवलं. पश्चिमेत १९८८ च्या सुमारास ते स्वतंत्रपणे पुन्हा सापडलं. अडचणींची यादी मात्र लांब. ते हवेतलं पाणी इतकं ओढतं की आपल्याकडच्या दमट हवेत उघडं ठेवलं तर पाझरायला लागतं. ९३ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत हाताशी फारशी सवलत नाही. स्फटिक सुईसारखे येतात. सुयांनी मिश्रण लगेच घट्ट होतं, म्हणून त्याचे गोल दाणे करावे लागतात आणि त्यावर कवच चढवावं लागतं. नेहमीच्या आयसोसायनेट क्युरेटिव्हशी त्याचं पटत नाही. घातांकही वरचा. यातली प्रत्येक अडचण सुटण्यासारखी आहे, आणि स्वीडनसह काही देशांनी बरंच काम केलंय. २०१० साली स्वीडनच्या प्रिस्मा उपग्रहावर एडीएन उडालंही, पण द्रव स्वरूपात, छोट्या थ्रस्टरमध्ये. शेकडो टनांच्या घन बूस्टरपर्यंतचं अंतर त्यामुळं कमी होत नाही.

अमोनियम नायट्रेट स्वस्त आणि स्वच्छ, पण ऊर्जा कमी, ॲल्युमिनियम त्यात नीट पेटत नाही, आणि वर एक खोड: ३२ अंशांना त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमान साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त फुगतं. नागपुरात एका दिवसात पारा दोनदा ३२ ओलांडतो. दर वेळी कण फुगतो-आक्रसतो आणि रबरातून सुटा होतो. यावर स्थिरीकरणाचे उपाय आहेत, पण ते घातल्यावर ऊर्जा आणखी थोडी जाते.

सीएल-२० मध्ये ऊर्जा आणि घनता दोन्ही, २.०४ च्या आसपास. प्रश्न किमतीचा आणि स्वभावाचा. मुळात ते स्फोटक आहे. एपी-एचटीपीबीचं मिश्रण पेटतं, भयंकर पेटतं, पण सहजी धमाका करत नाही. साठच्या दशकात अमेरिकेत मुद्दाम मोठमोठे ठोकळे ओतून तपासलं, तेव्हा व्यास दीड मीटरच्या पुढं गेल्यावर कुठं ते स्फोटासारखं वागलं. म्हणून ते वाहतुकीच्या वर्गीकरणात १.३ मध्ये, म्हणजे मुख्यतः आगीचा धोका असलेल्या वर्गात बसतं. सीएल-२० किंवा एचएमएक्स हे दुसरं स्फोटक भरपूर घातलं, नायट्रेट एस्टरचं प्लॅस्टिसायझर घातलं की मामला १.१ मध्ये, म्हणजे सगळा माल एकदम उडू शकेल अशा वर्गात जातो. पाणबुडीतल्या ट्रायडंट-२ क्षेपणास्त्रात अमेरिकेनं असंच १.१ वर्गाचं प्रॉपेलंट वापरलंय, कारण पाणबुडीच्या नळीत जागा मोजकी आणि प्रत्येक लिटरमधून जास्तीत जास्त काढायचं होतं. पण १.१ चा अर्थ इमारतींमधलं अंतर वाढतं, एका वेळी ठेवायचा माल घटतो, जमीन जास्त लागते, विमा, रस्ता, रेल्वे सगळं बदलतं. उपग्रहाच्या बूस्टरसाठी काही सेकंदांकरता हे कोणी अंगावर घेणार नाही, आणि माझ्या मते घेऊही नये.

ॲल्युमिनियमच्या बदल्यात? बेरिलियम इम्पल्स चांगला देतं. साठच्या दशकात चाचण्या झाल्या, पण त्याचा धूर विषारी, म्हणून विषय मिटला. ॲल्युमिनियम हायड्राइडनं सुमारे दहा सेकंद वाढू शकतात, पण ते साठवणीत हळूहळू हायड्रोजन सोडतं, आणि रबराच्या आत गॅस म्हणजे भेगांना आमंत्रण. नॅनो ॲल्युमिनियमचं वेड मध्यंतरी फार होतं. त्याचा हिशेब स्वतः करून पाहा: ५० नॅनोमीटरच्या कणावर ३ नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरला तर वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आधीच जळून गेलेला माल आहे. वर एवढ्या बारीक पुडीनं मिश्रण पिठल्यासारखं व्हायचं ते खडबडीत कणीक होतं. जळण्याचा वेग वाढतो हे खरं, ज्यांना वेग हवाय त्यांना थोडं घालून उपयोग होतो. इम्पल्स वाढवायला ते नाही.

साधं ॲल्युमिनियमही गरीब गाय नाही. जळणाऱ्या पृष्ठभागावर त्याचे कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि मोठे थेंब होतात. ते पूर्ण जळायच्या आत नॉझलपर्यंत पोचतात, काही मोटरच्या मागच्या भागात मळीसारखे साचतात, आणि ऑक्साइडचे कण वायूइतक्या वेगानं धावत नसल्यानं दोन-तीन टक्के इम्पल्स तसाच गळतो. माझ्या दृष्टीनं हे आज सगळ्यात जवळचं, हाताला लागण्याजोगं घबाड आहे: नवा रेणू न आणता थेंब लहान ठेवणं. कणावर पातळ लेप, मिश्रधातू, एपीच्या मापांची वेगळी मांडणी, यावर बरंच काम चालू आहे.

मग ॲल्युमिनियम काढूनच टाकलं तर? हवेतून हवेत मारायच्या क्षेपणास्त्रांत तसं करतात, धूर दिसू नये म्हणून. पण ऑक्साइडचे कण मोटरमधल्या ध्वनिलहरी दाबून ठेवत असतात. ते गेले की मोटर गुणगुणायला लागते, कधी फाटेपर्यंत. आणि ॲल्युमिनियम काढूनही एपीमधलं हायड्रोजन क्लोराइड दमट हवेत पांढरी रेघ ओढतंच.

या हायड्रोजन क्लोराइडवरून पर्यावरणाचा मुद्दा येतो. पीएसएलव्हीच्या १३९ टनांतून ढोबळ हिशेबानं २९ टनांच्या आसपास हायड्रोजन क्लोराइड सुटतं. वर्षातून मोजकी उड्डाणं असतात तोवर समुद्राकाठी ते पचून जातं. परक्लोरेट पाण्यात मिसळणं त्याहून चिवट दुखणं आहे. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही, आणि अमेरिकेत नेवाडातल्या जुन्या कारखान्यांमुळं कोलोरॅडो नदीच्या पाण्यात ते सापडलं. त्याच नेवाडात हेंडरसन गावी ४ मे १९८८ ला पेपकॉन कंपनीचा एपी कारखाना पेटला आणि उडाला. दोन माणसं गेली, शेकडो जखमी. चॅलेंजरच्या अपघातानंतर शटल थांबली होती, एपी खपत नव्हता आणि आवारात साठत गेला होता. तेव्हा अख्ख्या अमेरिकेत एपी बनवणारे कारखाने दोन, दुसराही हेंडरसनमध्येच. अशी दोन-चार उदाहरणं पाहिली की लक्षात येतं, सूत्र निवडताना त्यातला प्रत्येक घटक पुढची तीस वर्षं कोण बनवणार, हेही पाहावं लागतं. आपल्याकडं इस्रोनं केरळात आलुव्याला स्वतःचा एपी प्रकल्प उभा केला तो उगाच नाही.

हे सगळं जमलं तरी सिद्ध करायला काळ लागतो. आधी पट्टीसारखे तुकडे दाबाखाली जाळायचे, मग दोन-चार किलोच्या मोटरी, मग मोठ्या. प्रत्येक टप्प्यावर जळण्याचा वेग थोडा सरकतो. शटलच्या दोन बूस्टरचे सेगमेंट जोडीनं, कच्च्या मालाच्या त्याच लॉटमधून ओतत, कारण डाव्या-उजव्या बाजूंच्या जोरात फरक पडला तर यान वळायला बघतं. म्हातारपणाची चाचणी तर भट्टीत घाईनं करून पूर्ण विश्वास ठेवता येत नाही. एचटीपीबीचे दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजननं हळूहळू जुळतात, रबर कडक होत जातं, सांध्यापाशी प्लॅस्टिसायझर सरकतो. शेवटी जुन्या मोटरी कापूनच पाहाव्या लागतात. आणि घन मोटर एकदा पेटली की बंद करता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात मोटरचा दाब उतरला आणि ईओएस-०९ उपग्रह गेला. त्या कुळाला तीस वर्षांहून जास्त उड्डाणांचा अनुभव होता. अशा वेळी नवं सूत्र पुढं करणाऱ्याला समितीत किती थंड नजरेनं बघतात, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मला त्यांचं चुकतं असं वाटत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. वाव आहे, पण बहुतेक विद्यार्थी शोधतात तिथं कमी. दर वर्षी नव्या रेणूंवर ढीगभर शोधनिबंध येतात. घट्ट मिश्रणाच्या प्रवाहावर, कण आणि रबर यांच्यामधल्या बाँडिंग एजंटवर, सांध्याच्या म्हातारपणावर लिहिणारे मोजके. आयसोसायनेट टाळून रबर पक्कं करण्याच्या पद्धतीवर काम हवंय. ते जमलं तर एडीएनची एक मोठी अडचण आपोआप सुटते आणि पावसाळ्याचीही. पात्याऐवजी कंपनांनी मिसळणारे मिक्सर आलेत. त्यांत पात्याला जमणार नाही इतका घट्ट माल मिसळता येतो, पण तो माल पुढं ओतायचा कसा हे अजून नीट बसलेलं नाही. थर देत प्रॉपेलंट छापण्याचे प्रयोग चालू आहेत. मोठ्या बूस्टरसाठी मला त्यात दम दिसत नाही, लहान मोटरीत साच्यानं न बनणारे आकार मिळतील. आणि टायटनच्या कडेसारखं वायू-रबराचं एकत्रित गणित आता साध्या संगणकावरही चालतं, पण त्यात घालायला रबराचे खरे आकडे, वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या ताणाच्या वेगाला, फार कमी ठिकाणी मोजलेले आहेत.

हे काम परवानाधारक जागीच होतं: एचईएमआरएल, डीआरडीओचंच नाशिकचं एसीईएम, इस्रोची केंद्रं, नागपूरकडचे खासगी कारखाने. व्हिडिओ पाहून गच्चीवर मिश्रणं करणाऱ्यांची पत्रं मला येतात, त्यांना मी उत्तर देत नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये श्रीहरिकोट्याला प्रॉपेलंट कारखान्यात सहा जण गेले, ते सगळे प्रशिक्षित, सगळी काळजी घेणाऱ्या जागेतले होते. तुम्ही कॉलेजात असाल तर एपीला हात न लावताही पुष्कळ शिकता येतं. एपीच्या जागी पोटॅशियम क्लोराइडसारखं न जळणारं मीठ, तेच एचटीपीबी, तीन मापांचे कण, आणि घट्टपणा मोजणारा एक चांगला व्हिस्कोमीटर. ८६ पासून सुरुवात करा आणि ८९ टक्क्यांचा माल चार तास ओतता येईल असा ठेवून दाखवा. ते आकडे घेऊन आमच्यातल्या कुणाच्याही दारात गेलात तर चहा नक्की मिळेल.